सिझेरियनची तारीख कुणी ठरवायची?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळची तपासणी संपत आली होती. एक सासूबाई सुनेला घेऊन आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून घडी घातलेली एक चिठ्ठी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. चिठ्ठीत एक तारीख होती आणि तिच्याखाली लिहिले होते, 'सकाळी ९.१८ ते ९.४२'.

"मॅडम, गुरुजींकडून काढून आणलंय. तेवढ्या वेळात सिझर उरकून घ्या. पुढं नक्षत्र बदलतंय."

सुनेचे हे पहिलेच बाळंतपण. बाळ पोटात उलटे होते, म्हणजे डोके वर आणि ढुंगण खाली. असे बाळ पायाकडून जन्मले की आपल्याकडे त्याला पायाळू म्हणतात. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणायचे आणि कमरेला त्याचा पाय लावून घ्यायचा, हा प्रकार माझ्या लहानपणी आमच्या आळीत नेहमी चाले. आता पायाळू माणसे दुर्मीळ होत चालली आहेत, कारण उलट्या बाळांची बाळंतपणे बहुतेक सिझेरियनने होतात आणि पोटातून काढलेल्या बाळाचे आधी काय बाहेर आले, हे कुणी विचारत नाही. असो. सांगायचा मुद्दा असा की, या मुलीचे सिझेरियन आधी ठरवून करावे, याबद्दल माझे आणि सासूबाईंचे एकमत होते. मतभेद होता तो तारखेबद्दल. चिठ्ठीतल्या तारखेला तिला ३७ आठवडे आणि २ दिवस पूर्ण होत होते.

"नववा लागला की मूल तयार असतं," सासूबाई म्हणाल्या.

हे वाक्य मी तीस वर्षे ऐकत आले आहे. आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे.

प्रथम हिशेब समजून घेऊ. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, हा बाळंतपणाचा अंदाजे दिवस. आपल्या बायका म्हणतात नऊ महिने नऊ दिवस, डॉक्टरांचे गणित म्हणते नऊ महिने सात दिवस. दोन दिवसांवरून भांडायला नको. पण हा हिशेब पाळी नियमित असेल आणि तारीख नक्की आठवत असेल, तरच खरा. पुष्कळ जणी सांगतात, 'गणपतीच्या आधी आली होती' किंवा 'पेरण्या चालल्या होत्या तेव्हा'. यात पंधरा दिवसांची चूक सहज होते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी फार मोलाची. त्या वेळी बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख चार-पाच दिवसांच्या फरकाने बरोबर येते. नवव्या महिन्यातली सोनोग्राफी बाळाचे वजन, पाणी आणि वार पाहण्यासाठी चांगली. पण तिच्यावरून दिवस मोजू गेलात तर दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात. तेव्हा ३७ आठवडे समजून केलेली शस्त्रक्रिया प्रत्यक्षात ३५ आठवड्यांची निघू शकते.

आता बाळाच्या बाजूने पाहा. पोटात असताना बाळाची फुप्फुसे हवेने नव्हे, पाण्याने भरलेली असतात. कळा सुरू होण्याच्या सुमारास बाळाच्या अंगात काही रसायने वाढतात आणि त्यांच्या जोरावर हे पाणी शोषले जाऊ लागते. जन्मल्यावर पहिले काही श्वास घेताना उरलेले पाणी निघून जाते. कळा न येताच सिझेरियन केले की या तयारीला वेळ मिळत नाही. बाळ जितके लवकर काढावे, तितकी ही उणीव मोठी. मग बाळ जन्मल्यावर रडते, पण थोड्याच वेळात त्याला धाप लागते, नाकपुड्या फुलतात, कण्हल्यासारखा आवाज येतो. बहुतेक बाळे दोन-तीन दिवसांत सावरतात. काही सावरत नाहीत.

अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आधीचे सिझेरियन असलेल्या आणि दुसरे कोणतेही घाईचे कारण नसताना पुन्हा ठरवून सिझेरियन केलेल्या १३ हजारांहून अधिक बाळंतपणांची त्यात नोंद होती. ३७ व्या आठवड्यात काढलेल्या बाळांपैकी शंभरातल्या सुमारे १५ जणांना श्वासाचा त्रास, रक्तातली साखर कमी होणे, जंतुसंसर्ग किंवा काचेच्या पेटीत ठेवावे लागणे असे काही ना काही झाले. ३८ व्या आठवड्यात हे प्रमाण ११ होते आणि ३९ व्या आठवड्यात ८. दोन आठवड्यांनी त्रास निम्म्यावर येतो! ही बाळे नववा महिना लागलेलीच होती. दिसायला गुटगुटीत, वजनाला चांगली. वजन म्हणजे तयारी नव्हे.

आकडे सोपे असतात. मला स्वतःला हे कळले ते आकड्यांनी नव्हे, आणि ते कबूल करायला हवे. २००७ साली एका ओळखीच्या घरच्या सुनेचे दुसरे सिझेरियन मी अक्षय तृतीयेला केले. घरच्यांचा आग्रह होता, दिवस साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आणि मला वाटले, ३७ आठवडे तर झालेत. मुलगा जन्मला, पेढे वाटले गेले. तासाभरात त्याचा श्वास जोरात चालू लागला. आमच्या तालुक्याच्या गावी तेव्हा लहान बाळांसाठी पेटी नव्हती. आजी मांडीवर बाळ आणि शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन गाडीत बसली आणि दोन तासांच्या रस्त्याने जिल्ह्याला गेली. आई इकडे माझ्या दवाखान्यात टाके घालून पडलेली, छाती दुधाने दाटलेली, आणि सहा दिवस तिने आपले मूल पाहिले नाही. मूल वाचले, आता मोठे झाले आहे. त्या घरच्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांना अजून वाटते की दैवाने वाचवले. दोष माझा होता. त्या दिवसापासून मी ठरवले की, कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय ठरवून सिझेरियन करायचे नाही.

'कारण नसेल तर' हे शब्द महत्त्वाचे. वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, आईचा रक्तदाब चढला असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, जुळी असतील, तर डॉक्टर ३९ आठवड्यांआधीची तारीख देतील आणि ती पाळावी. तिथे थांबण्याचा धोका काढण्याच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. काही झाले तरी ३९ आठवडे थांबणारच, असा हट्टही या लेखातून कुणी घेऊ नये.

मी सिझेरियनच्या विरुद्ध आहे, असेही कुणी समजू नये. आडवे बाळ, तोंडावरची वार, गर्भाशयावर आधीचा उभा छेद, यांत ठरवून केलेले सिझेरियन आई आणि बाळ दोघांनाही वाचवते. सकाळची वेळ, आईचे पोट रिकामे, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हजर, रक्ताची बाटली तयार. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईला टेम्पोत घालून आणण्यापेक्षा हे शतपटीने बरे. उलट्या बाळाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी. ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास तज्ज्ञ डॉक्टरांना पोटावरून हातांनी बाळ फिरवून डोके खाली आणता येते. सगळ्यांना हे चालत नाही, आणि जिथे लगेच शस्त्रक्रियेची सोय आहे तिथेच करायचे असते. आमच्या या सुनेच्या पोटात पाणी कमी होते, म्हणून मी तो प्रयत्न केला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले की चित्र दिसते. २००५-०६ च्या पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांत साडेआठ सिझेरियनची होती. २०१९ ते २१ च्या पाहणीत ती साडेएकवीस झाली. महाराष्ट्रात पंचवीसच्या वर. त्यातही सरकारी दवाखान्यात शंभरात १४ आणि खाजगीत ४७. एकाच देशातल्या बायकांची हाडे सरकारी दारातून गेल्यावर रुंद आणि खाजगी दारातून गेल्यावर अरुंद होतात, असे तर नसणार. अवघड केसेस खाजगीत जातात हे थोडे खरे, पण सगळे त्याने सुटत नाही. आम्हा डॉक्टरांनाही रात्रीची झोप हवी असते, भूलतज्ज्ञांची वेळ सांभाळायची असते, कळा लांबल्या की नातेवाईक दारात उभे राहून 'काहीतरी करा' म्हणत असतात आणि काही वाईट झाले तर दवाखान्याच्या काचा फुटतात. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही. दुसऱ्या टोकाला त्याच पाहणीत बिहारमध्ये शंभरात दहासुद्धा सिझेरियन नाहीत. तिथे जिला खरी गरज आहे, तिलाही ते मिळत नसणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली हेच म्हटले की, प्रमाण शंभरात दहाच्या वर गेल्याने माता आणि बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. पण अमुक एक आकडा गाठण्यापेक्षा गरजू स्त्रीला शस्त्रक्रिया मिळणे महत्त्वाचे.

अलीकडे स्वतःहून सिझेरियन मागणाऱ्या मुलीही येतात. 'कळा सहन होणार नाहीत, सरळ सिझर करा.' त्यांना नाजूक म्हणून हसू नये. मोठ्या बहिणीने प्रसूतिगृहात काय काय ऐकून घेतले, ते तिने ऐकलेले असते. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, तिला एकटी ठेवणे, पडद्याशिवाय तपासणे, हे बंद झाले तर निम्मी भीती जाईल. आई किंवा बहीण शेजारी बसू दिली, हिंडू-फिरू दिले, शक्य तिथे कमरेतून कळा कमी करणारे औषध दिले, तर उरलेलीही पुष्कळ कमी होते. एवढे सगळे करूनही एखादी समजून-उमजून सिझेरियनच हवे म्हणाली, तर तिचे म्हणणे ऐकावे. पण तिला आधी पुढचे सगळे सांगितले पाहिजे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

पुढचे म्हणजे पुढची बाळंतपणे. पहिले सिझेरियन साधारणपणे सोपे जाते. अडचण येते ती पुढे. गर्भाशयावरच्या जुन्या टाक्यांच्या जागी वार रुजली, तर ती भिंतीत घट्ट शिरून बसते आणि बाळंतपणात सुटत नाही. रक्ताचा पूर येतो, कित्येकदा गर्भपिशवी काढावी लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तीस हजार स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या सिझेरियनला हे चारशेत एकीला झाले, तिसऱ्याला साधारण पावणेदोनशेत एकीला, चौथ्याला पन्नासात एकीहून जास्त. वार तोंडावर असेल आणि ते तिसरे सिझेरियन असेल, तर शंभरात चाळीस जणींना. एक-दोन मुलांवर थांबणाऱ्या घराला हा धोका लहान आहे. पण दोन मुली झाल्यावर 'एक मुलगा होऊ दे' म्हणून सुनेला तिसऱ्यांदा टेबलावर घेणाऱ्या घरांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

एकदा सिझेरियन म्हणजे नेहमीच सिझेरियन, ही समजूतही जुनी आहे. १९१६ साली न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांनी असे सूत्र मांडले, तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत आणि तो पुढच्या कळांत उकलण्याची भीती मोठी होती. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या भागातला आडवा छेद रूढ केला. आज जवळजवळ सगळीकडे तोच घेतात. असा एकच छेद असेल, पहिल्या वेळचे कारण पुन्हा उद्भवलेले नसेल आणि दवाखान्यात लगेच शस्त्रक्रियेची सोय असेल, तर पुष्कळ जणींना दुसऱ्या वेळी नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. टाके उकलण्याचा धोका हजारात पाच ते सात. म्हणून दवाखान्यातून घरी जाताना छेद कोणता घेतला आणि सिझेरियन कशासाठी केले, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात न टाकता जपून ठेवा. दुसऱ्या गावच्या डॉक्टरला पोटावरच्या कातडीचा व्रण दिसतो, आतला दिसत नाही.

तारीख ठरल्यावर काय करायचे ते थोडक्यात. रक्ताचे प्रमाण आधीच्या महिन्यांत वाढवून घ्या. लोहाच्या गोळ्या शेवटच्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही. रक्तगट लिहून ठेवा आणि त्या गटाचे दोन नातेवाईक सांगून ठेवा. आदल्या रात्री हलके जेवा. शस्त्रक्रियेआधी सहा तास काही खायचे नाही. साधे पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल, ते भूलतज्ज्ञ सांगतील. बाईने पोटभर उपमा खाल्ला आणि 'उपाशी आहे' म्हणून सांगितले, असे माझ्याकडे घडले आहे. उलटी फुप्फुसात गेली तर ते जिवावर बेतते. संमतीच्या कागदावर सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची वाट पाहत शस्त्रक्रिया अडवून ठेवण्याचे कारण नाही. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझेरियनसुद्धा मोफत आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर तारखेची वाट पाहू नका. दहातल्या एखादीचे असे होतेच. काही न खाता तडक निघा. बाळ उलटे किंवा आडवे असेल आणि पाणी गेले, तर नाळ खाली सरकण्याची भीती असते. तेव्हा बाईला गाडीत कुशीवर झोपवून आणा.

नंतरचे शहाणपण घरोघरी असतेच. भाताने टाके पिकतात, पाणी प्यायल्याने पोट सुटते, चीक काढून टाकावा. यांतले एकही खरे नाही. बाळंतिणीला तहान लागेल तेवढे पाणी द्या, भात द्या, अळिवाची खीरही द्या. शस्त्रक्रियेच्या दिवशीच, भूल उतरली आणि डॉक्टरांनी हो म्हटले की, धरून उभी करा, चालवा. पडून राहिल्याने पायांतल्या रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. बाळाला तासाभरात छातीशी लावा. सिझेरियनने दूध येत नाही, ही समजूत उशिरा पाजायला घेण्यातून आली आहे. शेगडी मात्र बंद खोलीत नको.

तर त्या सासूबाई. मी त्यांची चिठ्ठी परत केली तेव्हा त्या रागावल्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणाल्या. मी सुनेला विचारले, "तुला काय वाटतं ग?" ती इतका वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणाली, "बाळ नीट राहू दे, मग कधीपण करा." थोडे थांबून तिने विचारले, "भुलीत मला बाळ रडलेलं ऐकू येईल का?" मी म्हटले, येईल, भूल कमरेखालची असते, तू जागी असशील.

सासूबाईंना मी दुसरा मार्ग सुचवला. ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचे चार दिवस मी कागदावर लिहून दिले. या चार दिवसांतला गुरुजींना आवडेल तो घ्या, म्हटले. माझा मुहूर्तावर विश्वास नाही, पण बाळाची तयारी झाल्यावर मंगळवार की बुधवार, याने माझे काही बिघडत नाही. आठवड्याने त्या नवी चिठ्ठी घेऊन आल्या. तीत दोन वेळा होत्या. एक रात्री अडीचची. ती मी आणि भूलतज्ज्ञांनी हात जोडून परत केली. दुसरी, सकाळी ९.५० ते १०.२५.

त्या दिवशी कमरेतले इंजेक्शन द्यायला जरा वेळ लागला. मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅम, पहिल्याच श्वासाला जोरात रडली आणि आईने ते ऐकले. भिंतीवरच्या घड्याळात १० वाजून ३१ मिनिटे झाली होती. मी बाहेर येऊन सासूबाईंना वेळ सांगितली. त्यांनी नातीकडे पाहिले, मग दारातून आत घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचं घड्याळ पुढं आहे, मॅडम."